आजोबांच्या सायकलीला पुन्हा रस्त्यावर आणताना: काय जुनं ठेवायचं, काय नवंच घ्यायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. आजोबांची जुनी काळी सायकल माळ्यावर सापडली. फ्रेम, पुढचा दिवा, घंटी आणि चेनकव्हर एवढंच उरलं आहे, बाकी सगळं गंजून गेलं आहे किंवा हरवलं आहे. भंगारातून भाग जमवून तिची पुन्हा सायकल करायची, त्यात आजोबांच्या आणि आजीच्या वस्तू गुंफायच्या आणि ती घरातल्या तरुण नातवंडाने रोज चालवायची. हे घरच्या घरी जमेल का?

जमेल. पण सुरुवातीलाच एक गोष्ट पक्की ठरवा: आठवण आणि भार एकाच भागावर टाकायचे नाहीत. जो भाग तुटला तर माणूस पडेल, तो भाग जुना म्हणून ठेवायचा नाही, कितीही जिव्हाळ्याचा असला तरी. आणि जो भाग तुटला तरी फक्त खडखड होईल, तिथे हवी तेवढी आठवण ठेवा. चिमटा (पुढचं चाक धरणारा दुपायी भाग), हँडल, हँडलचा खांब, क्रँक (पेडल ज्यांना लागतात ते दांडे), सीटची नळी (सीटखालची, फ्रेममध्ये सरकणारी), स्पोक, ब्रेकच्या तारा आणि ब्रेकरबर पहिल्या वर्गात येतात. दिवा, घंटी, चेनकव्हर, मडगार्ड, कॅरिअर, पक्क्या चिकटवलेल्या मुठी आणि पुढची बिल्ल्यासारखी पट्टी दुसऱ्या वर्गात. फ्रेम मधोमध येते. ती कसून तपासूनच वापरायची.

गंजाला हात लावण्याआधी चालवणाऱ्याचं माप घ्या. अशा कितीतरी सायकली मन लावून पूर्ण होतात आणि मग भिंतीला टेकून राहतात, कारण आजोबांच्या उंचीची २४ इंची फ्रेम नातवाला झेपत नाही. अनवाणी उभं राहून, दोन पायांच्या मध्ये एक पुस्तक वर घट्ट दाबून, जमिनीपासून पुस्तकाच्या वरच्या कडेपर्यंत माप घ्या. दोन्ही क्रँक ज्यावर फिरतात त्या एक्सलच्या मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंतचं अंतर साधारण या मापाच्या ०.८८ पट लागतं. म्हणजे माप ७२ सेंमी असेल तर सीट ६३ सेंमीवर येईल. उभं राहिल्यावर दांडीच्या वर किमान अडीच सेंमी मोकळी जागाही हवी. २४ इंची फ्रेमची दांडी जमिनीपासून ९० सेंमीच्या आसपास जाते, तेव्हा ७२ मापाच्या मुलाला ती धोक्याचीच. अशा वेळी फ्रेम कापून लहान करू नका. लहान मापाची, सुस्थितीतली लोखंडी फ्रेम भंगारातून शोधा आणि आजोबांचे भाग तिच्यावर चढवा. मूळ फ्रेम तेल लावून जपून ठेवा. मूल मोठं झालं की भाग परत तिच्यावर येतील.

आता फ्रेमची तपासणी. आधी लोहचुंबक लावा. चिकटला तर लोखंड, नाही तर बहुधा ॲल्युमिनियम. भंगारातून आणलेल्या ॲल्युमिनियमच्या फ्रेमवर घरी कुठलंही वाकवकाम किंवा जोडकाम करू नका. ती वाकवून सरळ केली की आतून चिरते, आणि जोडली तर कारखान्यात तापवून तिला दिलेली मजबुती जाते. लोखंडी फ्रेमवर पुढच्या डोक्याच्या नळीच्या (हँडलखालच्या उभ्या नळीच्या) मागे, दांडीच्या आणि खालच्या तिरप्या नळीच्या खालच्या बाजूने बोट फिरवा. समोरून धडक बसलेल्या फ्रेमला तिथे बारीक सुरकुती किंवा फुगवटा लागतो. डोळ्यांना दिसत नाही तो बोटाला कळतो. सापडला तर ती फ्रेम चालवायची नाही.

चीर शोधायला महागडं काही लागत नाही. सांध्यांवरचा मळ साफ करा, रॉकेल लावून दहा मिनिटं थांबा, कोरडं पुसा आणि वर खडूची पूड चोळा. चिरेत शिरलेलं रॉकेल हळूहळू बाहेर येऊन खडूवर काळपट रेघ उमटवतं. पेडलच्या कवचाभोवतीचे (क्रँकचा एक्सल ज्यातून जातो त्या आडव्या नळीभोवतीचे) चार सांधे, पुढच्या डोक्याचे दोन आणि मागच्या चाकाची कानं (एक्सल अडकतो त्या खाचा), एवढं नक्की पाहा. आतल्या गंजासाठी नळीवर नाण्याने टकटक करत जा. निरोगी नळी खणखणते, खाल्लेली बद्द आवाज देते. पेडलच्या कवचाजवळ पाणी साचतं, म्हणून तिथे अणकुचीदार टोचा जोर लावून दाबून पाहा. टोचा आत गेला तर नळी संपली.

मग सरळपणा. एक दोरा मागच्या एका कानाला बांधा, पुढच्या डोक्याला वळसा घालून दुसऱ्या कानाला आणा आणि ताणा. सीट ज्यात बसते त्या फ्रेमच्या उभ्या नळीपासून दोन्ही बाजूंच्या दोऱ्याचं अंतर मोजा. फरक २ मिमीच्या आत असेल तर चिंता नाही. मागची कानं चार-सहा मिमी रुंद किंवा अरुंद करायची असतील, तर लोखंडी फ्रेम थंडच वाकवता येते. एका वेळी एक बाजू वाकवा, प्रत्येक वेळी दोऱ्याने तपासा आणि शेवटी दोन्ही कानं एकमेकांना समांतर आहेत ना ते बघा. समांतर नसतील तर चाकाचा एक्सल वाकतो आणि मोडतो.

खोलताना सर्वांत जास्त नुकसान कॉटर (क्रँकला एक्सलवर पकडून ठेवणारी पाचर) काढताना होतं. क्रँकखाली जाड लोखंडी नळीचा तुकडा उभा ठेवून आधार द्या, म्हणजे ठोक्याचा भार जमिनीत जाईल. आधाराशिवाय ठोकलं तर भार बेअरिंगवर जातो, गोळ्यांचे खड्डे कपात (गोळ्या ज्यात फिरतात त्या वाटीत) उमटतात आणि नंतर पेडल मारताना कायम खडखडतं. नट पूर्ण काढू नका. तो आट्यांच्या टोकाशी बरोबर आणून ठेवा, नाही तर आटे चेपून जातात. आदल्या दिवशी भेदक तेल सोडून ठेवा. जड हातोड्याचा एक ठाम ठोका हलक्या हातोड्याच्या वीस ठोक्यांपेक्षा बरा.

डाव्या पेडलला उलटे आटे असतात हे बहुतेकांना माहीत असतं. ब्रिटिश पद्धतीच्या फ्रेममध्ये बीबीच्या (पेडलच्या कवचातल्या बेअरिंगच्या) उजव्या, म्हणजे चेनच्या बाजूच्या कपालाही उलटे आटे असतात, हे मात्र विसरलं जातं. तो कप सोडवायला घड्याळाच्या दिशेने फिरवायचा. आणखी एक खोच अशी की बहुतेक फ्रेमना इंचाला २४ आटे असतात, पण काही जुन्यांना २६. व्यास सारखाच, दिसायलाही सारखेच. नवा कप दोन वळसे गेला आणि अडला, तर पान्याने रेटू नका. आधी आटे मोजा.

सीटची नळी अडकली असेल तर ती कशाची आहे ते पाहा. लोखंडात ॲल्युमिनियम अडकलं असेल तर दोन धातूंमधल्या ओलाव्याने पांढरी खार धरलेली असते. ॲल्युमिनियम तापलं की लोखंडाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावतं, म्हणून तापवण्याऐवजी थंड करा. आतल्या नळीत बर्फ भरा आणि सीटच्या लांब दांड्याने पिळा. तरीही हलली नाही तर वरचा भाग कापून, आतून हॅकसॉच्या पात्याने उभी चीर पाडून ती आत दुमडवावी लागते. काम तासाभराचं आहे, पण फ्रेम वाचते.

गंज काढण्याच्या पद्धतीआधी एक विनंती. आजोबांचा रंग, बाजूच्या सोनेरी रेघा, नाव, सगळं घासून चकचकीत करू नका. हँडल धरून धरून झिजलेली जागा आणि दांडीवरचा घासलेला पट्टा पुन्हा तयार करता येत नाही. रंग जिथे टिकला आहे तिथे सौम्य साबणाचं पाणी, मऊ फडकं आणि मेण, एवढंच. जिथे लोखंड उघडं पडून पापुद्रे सुटतात तिथेच घासा. जुन्या रंगात शिसं असू शकतं, म्हणून कोरडं घासू नका. पाण्याचा पॉलिश पेपर वापरा, तोंडाला मास्क लावा आणि गाळ मुलांच्या हाताला लागू देऊ नका. गंजावर थेट पारदर्शक लॅकर मारून ‘जुना लूक’ जपण्याचा मोह होतो, पण लॅकरखाली गंज चालूच राहतो आणि वर्षभरात पापुद्रा उचलतो. तशा जागी दर काही महिन्यांनी तेल किंवा मेण लावणंच खरं.

सुटे छोटे भाग, म्हणजे घंटीची वाटी, दिव्याचं कवच, मडगार्डचे दांडे, हे ऑक्झॅलिक ॲसिडच्या पातळ द्रावणात छान निघतात. प्लॅस्टिकच्या बादलीत लिटरला १० ते २० ग्रॅम घ्या आणि काही तासांपासून एका रात्रीपर्यंत ठेवा. हे विष आहे. हातमोजे आणि चष्मा हवाच. ॲल्युमिनियम आणि जस्ताचा मुलामा असलेले भाग त्यात टाकू नका. काढल्यावर भरपूर पाण्याने धुवा, खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात बुडवा, लगेच वाळवा आणि लगेच तेल लावा. तासाभराचा उशीर झाला तरी केशरी झाक येते.

मोठ्या भागांसाठी विजेची पद्धत चांगली. प्लॅस्टिकच्या टबात चार लिटर पाण्याला एक मोठा चमचा धुण्याचा सोडा घाला. १२ व्होल्टच्या चार्जरची ऋण तार भागाला आणि धन तार साध्या लोखंडी पत्र्याला जोडा. दोघांचा स्पर्श होऊ देऊ नका. धन बाजूला स्टेनलेस स्टील कधीही वापरू नका, पाण्यात विषारी क्रोमियम उतरतं. हायड्रोजन वायू सुटतो, म्हणून काम उघड्यावर करा आणि ठिणगी दूर ठेवा. ही पद्धत समोरासमोरच्या पृष्ठभागावर चालते, नळीच्या आतला गंज तिने निघत नाही. सीटच्या स्प्रिंगा आणि कठीण बोल्ट ॲसिडात किंवा या टबात घालू नका. हायड्रोजन शिरून कठीण पोलाद ठिसूळ होतं आणि पूर्वसूचना न देता तुटतं.

नळीच्या आतल्या बाजूसाठी उकळलेलं जवसाचं तेल ओता, फ्रेम सगळीकडून फिरवा, निथळू द्या आणि काही दिवस सुकू द्या. त्या तेलाचे बोळे मात्र चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. ते आपोआप तापून पेट घेतात. बाहेर पसरून वाळवा, मगच फेका.

भंगारात भाग शोधायला जाताना दोन गोष्टी खिशात हव्यात, मोजपट्टी आणि व्हर्निअर. टायरवर लिहिलेल्या इंचांवर विश्वास ठेवू नका. टायरच्या बाजूला लिहिलेला तीन अंकी मिमीचा आकडा म्हणजे रिमचा खरा व्यास. जुन्या २८ इंचीचा ६३५, हल्लीच्या ७०० सी चा ६२२, २६ बाय १ ३/८ चा ५९० आणि पर्वतीय २६ चा ५५९. ५९० आणि ५५९ हे दोन्ही ‘सव्वीस’च म्हणवतात, पण एकाचा टायर दुसऱ्यावर बसत नाही. ६३५ च्या जागी ६२२ घेतली तर त्रिज्येत फरक फक्त साडेसहा मिमीचा, जुळवून घेता येतो. ५५९ घेतली तर ब्रेकची जागा ३८ मिमी खाली जाते, म्हणजे रिमवरचा जुना ब्रेक पोहोचणारच नाही, शिवाय टायरच्या जाडीनुसार पेडल सुमारे अडीच सेंमी जमिनीजवळ येतं आणि वळताना टेकतं.

जुन्या सळईच्या ब्रेकबद्दल. त्याचे गुटके रिमच्या आतल्या कडांवर वर ओढले जातात आणि त्यासाठी रिमला खास गोलसर घडी असते. त्या रिमच्या बाजू सपाट नसतात, म्हणून तिच्यावर आजचे तारेचे चिमटा ब्रेक बसवू नका, पकडच येणार नाही. क्रोमच्या लोखंडी रिमवर पावसात ब्रेक फारच सैल लागतो. रोजची सायकल असेल तर ॲल्युमिनियमच्या सपाट बाजूंची ६२२ रिम आणि लांब हाताचे तारेचे ब्रेक लावा, सळया तेल लावून ठेवून द्या. भावनिकदृष्ट्या हा सर्वांत अवघड निर्णय असतो, पण पुढचा-मागचा असे दोन स्वतंत्र, चांगले चालणारे ब्रेक यात तडजोड नको. हब बदलणार असाल तर भोकं मोजून घ्या. बऱ्याच जुन्या सायकलींच्या पुढच्या हबला ३२ आणि मागच्याला ४० स्पोक असतात, तर नव्या रिम बहुधा ३६ च्या. ४० भोकांचं हब ३६ च्या रिममध्ये विणायचा प्रयत्न करू नका.

चिमटा नवाच बरा. भंगारातला घ्यावाच लागला तर वाकवून सरळ केलेला नको. त्याच्या पायांची रेघ दोन्ही बाजूंनी सारखी उतरते का आणि मुकुटाखाली (दोन्ही पाय वर जुळतात तिथे) रंग तडकला आहे का ते पाहा. लांबीही मूळ चिमट्याइतकी हवी. १० मिमी लांब चिमटा घातला तर डोक्याचा कोन साधारण अर्ध्या अंशाने झुकतो आणि हँडल जड लागतं. चिमट्याची वर जाणारी नळी बहुतेक १ इंची असते, तिच्या आत जाणारा हँडलचा खांब २२.२ मिमीचा. हा खांब आणि सीटची नळी दोन्ही किमान ६५ मिमी आत राहिली पाहिजेत.

बेअरिंगच्या गोळ्या सगळ्या नव्या घ्या. सहसा पुढच्या हबला ३/१६ इंची, बाजूला १०. मागच्याला पाव इंची, बाजूला ९. बीबीला पाव इंची, बाजूला ११. आकडा जुळत नसेल तर कडं भरून बघा आणि एका गोळीची जागा मोकळी सोडा. कोनवर (एक्सलवरच्या, गोळ्या दाबून धरणाऱ्या निमुळत्या नटावर) नख फिरवून खड्डा लागला तर कोन बदला. नव्या गोळ्या खड्ड्यात दोन महिन्यांत फुटतात. जुने स्पोकही वापरू नका. थकलेला स्पोक वाकणीजवळ तुटतो, आणि एक तुटला की शेजारचे मागोमाग. चाक विणून आउट (चाकाचा वाकडेपणा) काढताना बाजूचा झोल १ मिमीच्या आत आणा, मग समांतर स्पोकच्या जोड्या मुठीत घट्ट दाबा, कुरकुर ऐकू येईल, आणि पुन्हा आउट काढा. ही दाबण्याची पायरी टाळली की चाक पहिल्याच आठवड्यात पुन्हा डुलतं.

चेन नवी किंवा तपासलेली. २४ कड्यांची लांबी बरोबर ३०४.८ मिमी असते. ३०६.४ झाली तर चेन बदला, ३०८ झाली तर दातेरी चक्रंही झिजलेली समजा. एकाच गिअरची सायकल असेल तर पुढे ४४, मागे १८ दात हे सपाट रस्त्याला बरं पडतं. लहान पायांना किंवा चढाला पुढे ३६. चेनला मधोमध १० ते १२ मिमी ढील ठेवा, आणि पुढचं व मागचं चक्र वरून पाहता एका रेषेत आणा.

वेल्डिंग शक्यतो टाळा. टाळता येत नसेल, म्हणजे मागचं कान तुटलं आहे किंवा कॅरिअरची जागा करायची आहे, तर पितळी झाळ हा पातळ नळ्यांसाठी सर्वांत क्षमाशील मार्ग. टाकणखार लावून, लालसर तापवून, पितळ सांध्यात ओढून घ्यायचं. साध्या इलेक्ट्रोडचं वेल्डिंग पातळ नळीला भोक पाडतं. क्रोम किंवा जस्ताचा मुलामा आधी पूर्ण काढा, त्यांचा धूर फुफ्फुसांना घातक आहे. बंद नळीला ३ मिमीचं श्वासछिद्र ठेवा, नाही तर आतली हवा वितळलेला धातू बाहेर फुंकते. काम झाल्यावर पाणी ओतून थंड करू नका. पुढच्या डोक्यावर, चिमट्यावर आणि हँडलवर घरगुती जोडकाम अजिबात नको.

आता आठवणी. आजोबांच्या दिव्याचं कवच ठेवा आणि आत नवा एलईडी बसवा. जुना टायरवर घासणारा डायनॅमो ६ व्होल्ट, ३ वॅटचा आणि उलटसुलट प्रवाहाचा असतो, म्हणून एलईडीला रेक्टिफायर (प्रवाह एकाच दिशेचा करणारा भाग) लागेल. आजोबांच्या हत्यारांच्या लाकडी दांड्यांतून मुठी होतात. हँडलचा बाहेरचा व्यास बहुधा २२.२ मिमी, त्यापेक्षा किंचित मोठं भोक पाडा, रेषा उभ्या असलेलं लाकूड घ्या, टोकाला पितळी कडी चढवा आणि इपॉक्सीने चिकटवा. मूठ सुटून हातात आली तर पडायला होतं, म्हणून चिकटवल्यावर दोन दिवसांनी जोराने पिळून पाहा.

आजीच्या कपड्याचा तुकडा चेनकव्हरवर सुंदर बसतो. आधी ओल्या कापसाने कोपरा चोळून रंग सुटतो का ते पाहा. कव्हर घासून घ्या, पांढरा चिकट गोंद पातळ लावा, कापड मधून कडेकडे दाबत बसवा. सुकल्यावर पारदर्शक पॉलियुरेथेनचे चार-पाच हात द्या, दोन हातांमध्ये ४०० नंबरचा पेपर हलका फिरवा. उन्हात रंग उडतोच, तेव्हा सगळं कापड वापरू नका, निम्मं घरात ठेवा. नावं कोरायची तर ०.८ मिमीच्या पितळी पट्टीवर, पट्टी वाकवण्याआधी अक्षरपंचने ठोका आणि मडगार्डला रिव्हेट करा. फ्रेमच्या नळीवर पंच ठोकू नका, भोकही पाडू नका. चीर तिथूनच सुरू होते. फ्रेमचा मूळ क्रमांक रंगाखाली बुजवू नका.

जोडणी झाल्यावर कॉटर एकमेकांच्या उलट दिशेने घातले आहेत ना ते पाहा. चुकले तर दोन्ही क्रँक एका रेषेत येत नाहीत. मग सायकलवर न बसता पुढचा ब्रेक दाबून पुढे-मागे ढकला, डोक्यात खटखट लागली तर कप घट्ट करा. पुढचं चाक १५ सेंमी उचलून आपटा आणि सैल आवाज शोधा. चालवणाऱ्याहून जड माणसाने रिकाम्या जागी पाच किलोमीटर चालवून ब्रेक जोरात मारून पाहावेत. पहिल्या ५० किलोमीटरनंतर कॉटरचे नट, चाकांचे नट आणि हँडलचा बोल्ट पुन्हा आवळायचे, कारण कॉटर हमखास बसतो आणि सैल होतो. सैल कॉटरवर चालवलं तर क्रँकचं भोक अंडाकृती होतं.

शेवटी एक कागद करा. रिम ६२२ की ६३५, आटे २४ की २६, गोळ्यांचे आकडे, चेनचे दात, कुठला भाग आजोबांचा, कुठला भंगारातला, कुठला नवा, आणि मूळ सळया-रिम घरात कुठे ठेवल्या आहेत, हे सगळं लिहा. मेणकागदात गुंडाळून सीटच्या नळीत सरकवा आणि वरखाली बूच लावा. पुढे कधी कोणी ती नळी उपसेल तेव्हा त्याला मोजपट्टीपासून सुरुवात करावी लागणार नाही.